मागच्या हँडलचा इतिहास

गेल्या रविवारी सकाळी टँडेमवर खडकवासल्याला जाऊन आलो. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. दोन सीट, पॅडलच्या दोन जोड्या, दोन हँडल, आणि चाकं मात्र दोनच. पुढे मी होतो. मागे आमच्या ग्रुपमधल्या एक ताई. बँकेत नोकरी करतात, वय पन्नाशीच्या पुढे, दिसत अजिबात नाही. पायात जोर मात्र माझ्यापेक्षा जास्त. चढावर मी ढिला पडलो की मागून आवाज येतो, "अरे, झोपलास का?"

धरणाजवळ टपरीवर थांबलो. चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि तो निसटला. अर्धा चहा सांडला. म्हणाल्या, "करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालंय. दर वेळी होतं."

मी म्हटलं, "ताई, मग सांगायचं ना!"

"तू कधी विचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही एकत्र सायकल चालवतोय. त्यांच्या सीटची उंची नीट लावून दिली, माझं स्वतःचं हँडल दोनदा बदललं. पण त्यांच्या हँडलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कारण त्याला काम काय? ते वळत नाही, त्याला ब्रेक नाही, गिअर नाही. नुसतं धरायचं. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की हा विसर माझ्या एकट्याचा नाही, चांगला शंभर वर्षं जुना आहे. पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात इंग्लंडमधून. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ले यांची 'रोव्हर' सायकल आली. आज आपण चालवतो ती सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि साखळीची सायकल तिच्याच वंशातली. त्याआधी दोघांना बरोबर जायचं तर तीन किंवा चार चाकांची 'सोशिएबल' असायची. त्यात दोघं शेजारी शेजारी बसायचे. गप्पांना उत्तम, पण इतकी रुंद की दारातून आत घेताना पंचाईत. रोव्हर आली आणि लगेच पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, बिगल्सवेड नावाच्या छोट्या गावातल्या डॅन अल्बोन या कारागिराने ए. जे. विल्सन यांच्या साथीने दोघांसाठी एकामागे एक बसायची सायकल केली. सुरुवातीच्या टँडेममध्ये तिचं नाव घेतलं जातं. (याच अल्बोनने पुढे १९०२ मध्ये शेतीसाठी ट्रॅक्टरसारखं यंत्र काढलं. हरहुन्नरी माणूस!) १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि दोन माणसांच्या वजनाची सायकल दगडी रस्त्यावरून चालवणं सुसह्य झालं.

आता गंमत बघा. त्या काळच्या बऱ्याच टँडेमवर बाई पुढे बसायची आणि पुरुष मागे. बाईला पुढे बसवणं शिष्टाचाराचं, आणि घोळदार झग्यासाठी पुढचा सांगाडा खाली वाकवून मोकळा ठेवता यायचा. पण मग सायकल वळवायची कुणी? यावर तोडगा असा की मागचं हँडल एका दांड्याने पुढच्या हँडलशी जोडलेलं. मागच्याने वळवलं की पुढचंही वळायचं. म्हणजे बाईसाहेब पुढे, समोरचा देखावा त्यांचा, आणि सायकलचा ताबा मागून साहेबांकडेही.

थोडक्यात, टँडेमच्या बालपणी मागचं हँडल हे खरोखरचं हँडल होतं. त्याला मत होतं.

पण एका सायकलला दोन मतं झेपेनात. दोघांना वेगवेगळ्या बाजूला जावंसं वाटलं की हातांची ओढाताण. शिवाय जोडदांड्याचं वजन आणि त्याचे सैल होणारे सांधे. हळूहळू पुढे बसेल त्याच्या हाती दिशा, हा साधा नियम ठरला. बाईची जागा आता मागे गेली. मागचं हँडल वळवणाऱ्या दांड्यापासून सुटलं आणि सायकलच्या सांगाड्याला किंवा पुढच्याच्या सीटखालच्या नळीला घट्ट आवळलं गेलं. हा बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. दिशा काढून घेतल्यावर त्या हँडलचं दुसरं काम काय, याचा विचार करायचा राहूनच गेला.

नावंही बघा. इंग्रजीत पुढच्याला 'कॅप्टन' किंवा 'पायलट' म्हणतात. मागच्याला 'स्टोकर'. स्टोकर म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा. आपल्या रेल्वेत त्याला फायरमन म्हणायचे. गाडी त्याच्या घामावर चालते, पण ती कुठे चालली आहे हे त्याला विचारत नाहीत.

१८९२ मध्ये हॅरी डेकरने 'डेझी बेल' हे टँडेमवरचं गाणं लिहिलं. ते इतकं गाजलं की १९६१ मध्ये आयबीएमच्या संगणकाकडून जे गाणं गाऊन घेतलं, तेही हेच. डेझीवर एवढं प्रेम! पण डेझी कुठे हात ठेवून बसणार होती, हे कुणी पाहिलं?

हाताचं दुखणं तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. १८९६ मध्येच देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सायकलमुळे हात लुळा पडण्याविषयी लिहून ठेवलं होतं. आपल्या तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाजवळून, अल्नर नावाची नस जाते. तासन् तास त्या जागेवर भार देऊन बसलं की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मुंग्या येतात, पकड ढिली पडते. ताईंच्या हातून ग्लास निसटला त्याचं कारण हेच.

मग हे मागच्यालाच जास्त का होतं? यात चार-पाच गोष्टी एकत्र येतात.

पहिली, मागच्याला रस्ता दिसत नाही. डोळस असला तरी समोर पुढच्याची पाठच. आपण सायकलवर खड्डा दिसला की नकळत कोपर सैल सोडतो, सीटवरून किंचित उठतो. मागच्याला ही संधीच नाही. ताईंच्या शब्दांत, "तुला खड्डा दिसतो, मला तो हातात कळतो." त्यातून मागची सीट मागच्या चाकाच्या जवळ, म्हणजे हादरा अंगावर सरळ.

दुसरी, मागचं हँडल पुढच्याच्या सीटखालच्या नळीला धरलेलं. त्यामुळे पुढचा माणूस बुटका आणि त्याची सीट खाली असेल, तर मागचं हँडलही खालीच जातं. मागच्याला मग वाकून सगळा भार तळहातावर घ्यावा लागतो. म्हणजे मागच्याची उंचीसुद्धा पुढचा ठरवतो!

तिसरी, रुंदी. हँडल अरुंद असेल तर पुढच्याच्या मांड्या आणि मागच्याची बोटं एकमेकांना घासतात.

चौथी, हात ठेवायच्या जागा. नेहमीच्या रेसिंग हँडलवर ब्रेकची मूठ असते. तिच्यावर हात ठेवला की मनगट सरळ राहतं. मागच्याला ब्रेकच नाही, म्हणून ती मूठही नाही. मग एकाच जागी हात रोवून बसायचं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मागची जागाच आखूड. सायकल लांब झाली की जड होते, वळायला त्रास होतो, म्हणून कारागीर कात्री लावायचे ती मागच्याच्या जागेला. शर्यतींमध्ये ते चालून गेलं. टँडेमची शर्यत १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये होती, पुढे १९२० ते १९७२ ती कायम राहिली. २००० मीटरची, काही मिनिटांत संपणारी. तेवढ्यात कुणाची बोटं बधिर होणार? पण १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये साध्या नोकरदार जोडप्यांनी सुट्टीच्या दिवशी टँडेमवर लांब लांब भटकायला सुरुवात केली. लंडनच्या क्लॉड बटलरसारखे कारागीर त्यांच्यासाठी हलक्या टँडेम बनवायचे. मूल झालं की शेजारी साइडकार जोडायची आणि निघायचं. तिथे प्रश्न दिवसभराचा होता, पण मागे बसणारी बहुतेक वेळा बायको. तिची कुरकुर ही सायकलच्या आखणीतली चूक आहे, असं मानायला बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकली आणि छोट्या गाड्या आल्या, टँडेम मागे पडली. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये टँडेम क्लब स्थापन झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात फक्त टँडेमकडे लक्ष देणारी सँटाना कंपनी सुरू झाली. या सुमारास मागे बसणाऱ्यांचं ऐकू येऊ लागलं. मागची जागा लांब झाली. मागचं हँडल मागे-पुढे सरकवता येईल असा स्टेम आला. रुंद हँडल, बैलाच्या शिंगांसारखं पुढे वळलेलं हँडल आलं. आणि ब्रेक नसताना नुसती ब्रेकची मूठ बसवायची पद्धत आली, केवळ तळहाताला एक जागा मिळावी म्हणून. लांब उतारावर वेग धरून ठेवणारा एक जादा ब्रेक असतो, काही जोड्यांनी त्याची दोरी मागच्याच्या हाती दिली. म्हणजे थोडासा अधिकारही परत आला.

पण मला वाटतं, मागच्या सीटला खरा मान मिळाला तो अंध सायकलपटूंमुळे. पॅरालिम्पिकमध्ये टँडेमवर मागे बसतो तो मुख्य खेळाडू. पुढचा पायलट त्याच्या मदतीला. पदक दोघांनाही. आपल्या पुण्याचे दिव्यांशु गणात्रा, दृष्टी गेलेली असताना, २०१६ मध्ये टँडेमवरून मनाली ते खारदुंग ला गेले. पाच हजार मीटरहून उंच घाट! त्यांच्या संस्थेमुळे कितीतरी अंध आणि डोळस माणसं एका सायकलवर आली.

बाकी आपल्याकडे टँडेम कधी रुजलीच नाही. आपली दोघांची सायकल म्हणजे डबलसीट. पोलीस दिसला की कॅरियरवरून टुणकन उडी मारून पायी चालणारे वाचक इथे असतीलच. आठवतंय, कॅरियरवर बसल्यावर हात कुठे ठेवायचो? सीटच्या मागच्या कडेला. आणि खड्डा आला की सीटच्या स्प्रिंगमध्ये बोट चेमटायचं. मागच्यासाठी हँडलच नव्हतं, आणि आपणही ते मागितलं नाही. लिफ्ट मिळाली हेच उपकार.

मला वाटतं गोम इथेच आहे. मागे बसलेल्याला आपण उपकाराच्या खात्यात टाकतो. मीही ताईंना "फिरवून आणतो" असंच म्हणायचो. आणि उपकार घेणारा तक्रार करत नाही. फुटपाथवर अंधांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवतात. त्या मध्येच एखाद्या झाडाच्या बुंध्याशी किंवा विजेच्या डब्याशी जाऊन थांबतात. ते काम करणाऱ्याने एखाद्या अंध माणसाबरोबर त्या रस्त्यावरून एकदा चालून पाहिलं असतं तर? दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. दिव्यांगांच्या चळवळीची जगभरची घोषणा तर त्याहून जुनी आहे, आमच्याबद्दलचं काहीही आमच्याशिवाय नको. कागदावर सगळं आहे. विचारण्याचं काम तेवढं राहतं.

आता आमचं सांगतो. बुधवारी ताईंना घेऊनच मिस्त्रीकडे गेलो. त्यांना सायकलवर बसवलं आणि दोघांनी फक्त ऐकलं. हँडल चार बोटं वर आलं, थोडं त्यांच्याकडे सरकलं. जुनं अरुंद हँडल काढून रुंद बसवलं, टोकांना शिंगं लावली, वर जाड टेप दोनदा गुंडाळली. सगळं दीड हजाराच्या आत. दीड वर्षाचा त्रास आणि दीड हजाराचा खर्च!

आणखी एक ठरवलं. खड्डा आला की मी "खड्डा" म्हणून ओरडायचं, आणि त्यांनी हात सैल सोडायचे. पुण्यात हे किती वेळा ओरडावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

निघताना मिस्त्रीने विचारलं, "ताई, अजून काही?"

ताई म्हणाल्या, "घंटी माझ्या हँडलला लाव. हा रस्ता बघेल, लोकांना बाजूला मी करते."

या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. चहाचा ग्लास निसटला नाही. "बोटं अजून थोडी जड वाटतात," म्हणाल्या, म्हणजे काम अजून बाकी आहे. घंटी मात्र जाता-येता थांबली नाही.

तुमच्या मागे कोण बसतं? सायकलवर, स्कूटरवर, कुठेही. एकदा विचारून बघा, हात कुठे ठेवता म्हणून. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.