धामणगांवचा कापूस-कर

मोर्शीहून दक्षिणेकडे अमरावती ओलांडून पुढें गेलें कीं मुंबई-नागपूर लोहमार्गावर धामणगांव लागतें. मोर्शीचें नांव आज संत्र्यांशीं जोडलें गेलें असलें, तरी वऱ्हाडांतील अशा गांवांचा जुना धनी कापूसच. कापसामागून जीन आणि प्रेस आले, आणि त्यांच्यामागून नगरपालिकेची नजर. दिवाबत्ती, रस्ते, पाणी यांना पैसा हवा. तो रुईच्या बोजावर व दाबलेल्या गांठीवर कर बसवून सहज उभा राही. १९२२ च्या मध्यप्रांत नगरपालिका कायद्याची त्याला मुभाहि होती.

अडचण वरून आली. धंद्यावरील कर एका इसमाकडून वर्षाला ५० रुपयांहून अधिक घेऊं नये, असें बंधन १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत मागाहून घातलें गेलें; १९५० च्या राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें ही मर्यादा २५० रुपये केली. गांठीवरचा कर धंद्यावरचाच होय, असें कारंजाच्या नगरपालिकेच्या प्रकरणांत नागपूरच्या उच्च न्यायालयानें त्यापूर्वींच ठरविलें होतें. तरीहि गांवोगांव वसुली चालूच राहिली.

अखेर धामणगांवीं भारत कला भांडार या कंपनीनें जादा भरलेली रक्कम परत मिळावी म्हणून दिवाणी दावा लावला. नगरपालिकेनें कोर्टाला घातलेली गळ लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याच विषयाचा आधीचा दावा प्रलंबित असेल, तर नंतरचा दावा तहकूब ठेवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दहाव्या कलमांत आहे. पण तेथें दावा थांबतो, मरत नाहीं. नगरपालिकेचें मागणें याहून कडक होतें. करासंबंधींची तक्रार नगरपालिका कायद्यांत सांगितलेल्या मार्गानेंच करावी, अन्यत्र नव्हे, असें ८४ वें कलम सांगतें. सबब हा दावा दिवाणी कोर्टांत चालूंच शकत नाहीं, असें तिचें म्हणणें. म्हणजे कर मर्यादेबाहेरचा असला तरी तो परत मागण्यास दारच उरूं नये! उच्च न्यायालयांत कंपनी हरली.

१९६५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपुढें हें प्रकरण आलें. त्यांच्यांत एकमत झालें नाहीं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति जनार्दन मुधोळकर यांनीं लिहिला; १९१२ सालचे काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे ते चिरंजीव. वऱ्हाडांतील तंट्याचा निकाल वऱ्हाडच्याच सुपुत्राकडून व्हावा, हा योग सहसा येत नाहीं. राज्यघटनेनें घातलेली मर्यादा ओलांडून घेतलेला कर हा त्या कायद्याखालचा करच नव्हे. म्हणून त्या कायद्यांतील मनाईचें कलम अशा दाव्याच्या आड येऊं शकत नाहीं, असा त्याचा आशय. दावा टिकला.

नगरपालिकेचीहि बाजू अगदींच पोकळ नव्हती. वसूल झालेला पैसा खर्ची पडून जातो आणि वर्षांनंतर तो परत करावयाचा म्हणजे चालू सालच्या अंदाजपत्रकास खिंडार पडतें. लहान गांवाला तें जड जातें. परंतु तो भार एकट्या करदात्यानें कां सोसावा, याला तिच्यापाशीं उत्तर नव्हतें. १९६८ मध्यें धुलाभाई प्रकरणांत दिवाणी कोर्टांच्या अधिकाराविषयींचे नियम एकत्र मांडले गेले, तेव्हां घटनाबाह्य वसुलीच्या परताव्याची सोय कायद्यांत नसेल तर दावा चालेल, हेंहि त्यांत आलें. २५० रुपयांची मर्यादा मात्र १९८८ पर्यंत तशीच होती. त्या वर्षीं घटनादुरुस्तीनें ती २,५०० झाली.