‘अमक्याची पत्नी’ : पहिल्या मतदारयादीतील एक प्रकरण

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची कथा सांगताना आपले इतिहासकार बहुधा मतपेट्या, निवडणूक-चिन्हे आणि दुर्गम मतदानकेंद्रे यांच्यापाशी रेंगाळतात. मतदारयादीचा रुक्ष विषय त्यांना फारसा मोहवीत नाही. वस्तुतः प्रौढ मताधिकाराची पहिली कसोटी यादी सिद्ध करतानाच लागली, आणि ती व्यक्तीच्या नावाशी निगडित होती.

घरोघर जाणाऱ्या गणकांना अनेक ठिकाणी स्त्रिया स्वतःचे नाव सांगत नसत. परक्या पुरुषापुढे ते उच्चारणे रूढीला मान्य नव्हते. त्यामुळे ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी झाल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथे विशेषत्वाने. यामागे केवळ संकोच होता असे मला वाटत नाही. १९३५च्या कायद्यान्वये अनेक प्रांतांत कित्येक स्त्रियांना मत मिळाले होते ते मालमत्ताधारक पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणूनच. पतीच्या आडून मतदार होण्याची रीत कायद्यानेच घालून दिलेली होती. गणकाची लेखणी त्याच जुन्या वळणाने गेली असावी. संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने मात्र प्रौढ नागरिकाला, तो कोणाचा कोण हे न विचारता, मतदार मानले.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. ज्या नोंदीवरून व्यक्ती ओळखताच येत नाही, तिच्या आधारे कोणीही तोतया मत देऊन जाईल, हा धोका उघड होता. नावे दुरुस्त करून घेण्याचा आदेश निघाला. बिहारला त्यासाठी एक महिन्याची वाढीव मुदत मिळाली आणि तिचा तेथे चांगला उपयोग झाला. राजस्थानात प्रतिसाद तोकडाच राहिला. अखेर सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांच्या नोंदी रद्द झाल्या.

यावरून उठलेला गदारोळ सेन यांना इष्टच वाटला. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यामुळे रूढी सैल होईल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता हे मान्य करूनही मन अस्वस्थ होते. यादीच्या शुद्धतेची किंमत मोजली ती बहुधा ती यादी वाचूही न शकणाऱ्या स्त्रीने. तिच्या दाराशी एखादी स्त्री-गणक जाती, तर किती नावे ओठांवर आली असती?

मराठी वाचकाने या स्त्रियांना उणे लेखू नये. आपल्याकडे पत्नी पतीचे नाव उखाण्यात गुंफूनच घेई. आणि तिचे माहेरचे नाव मागे टाकून लग्नाच्या दिवशी अनेक घरांत तबकातील तांदळावर नवे नाव लिहिले जाई. दुसऱ्याने ठेवलेले का होईना, गणकाला सांगण्याजोगे एक नाव तिच्यापाशी असे.