गिरणी मालक संघाचे दप्तर : मुंबईच्या कापडधंद्याची नोंदवही

मुंबईच्या कापडगिरण्यांचा विषय निघाला की संप, मोर्चे आणि थंडावलेल्या चिमण्या यांचेच स्मरण प्रथम होते. तथापि या धंद्याची वर्षानुवर्षांची सलग आकडेवारी ज्या कागदांत सापडते, ते कागद कामगारांचे नसून मालकांचे आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन’चे, अर्थात गिरणी मालक संघाचे, वार्षिक अहवाल हे मुंबईच्या औद्योगिक इतिहासाचे एक प्रमुख साधन मानले जाते.

स्थापनेची पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून उभारलेली मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील दोन दशकांत गिरण्यांची संख्या वाढू लागताच इंग्लंडमधील लँकेशायरच्या कारखानदारांना ही स्पर्धा खुपू लागली. येथील कामाच्या तासांवर कायद्याने निर्बंध यावेत आणि आयात कापडावरील जकात रद्द व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. या दुहेरी संकटाला एकमुखाने तोंड देण्यासाठी गिरणी मालक एकत्र आले. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे मुंबईतीलच सुधारक मात्र स्त्रिया व मुलांच्या संरक्षणासाठी कायद्याची मागणी करीत होते. अखेर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी घातली.

अहवालांत काय असे?

संघाच्या अहवालांत सरकारशी झालेला पत्रव्यवहार, जकात, रेल्वेचे दर व मजुरीविषयक ठराव आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिरण्यांचे वार्षिक कोष्टक छापले जाई. प्रत्येक गिरणीचे नाव, चात्या, माग, दररोज कामावर असणाऱ्या कामगारांची सरासरी संख्या आणि कापसाचा वापर अशी त्यातील माहिती असे. केवळ मुंबईच नव्हे, तर देशभरातील गिरण्यांची नोंद त्यात होत असल्याने संशोधकांना या कोष्टकांवाचून पुढे जाता येत नाही. मॉरिस डी. मॉरिस आणि राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथांत मालक संघाच्या कागदपत्रांचा उपयोग केलेला आहे.

मालकांच्या कागदात कामगार

हे कागद मालकांच्या हितासाठी लिहिले गेले, हे वाचताना विसरता येत नाही. तरीही कामगारांच्या लढ्याचे पडसाद त्यांत उमटल्याशिवाय राहिले नाहीत. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुटी ही त्यातील एक मुख्य मागणी होती. मालक संघाने ती मान्य केली ती १० जून १८९० रोजी. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार दिला.

१९२५ चा प्रसंगही असाच बोलका आहे. मंदीचे कारण पुढे करून संघाने मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सार्वत्रिक संप झाला. देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर सरकारने डिसेंबरमध्ये स्थगित केल्यावर कपात मागे घेण्यात आली. मालकांचे सरकारशी असलेले भांडण आणि कामगारांची चूल यांचा संबंध किती निकटचा होता, हे यावरून ध्यानात येते.

जे नोंदले गेले नाही

या अहवालांत कामगार आहे तो संख्येच्या रूपाने. त्याचे नाव, गाव, खाते यांची नोंद राहिली ती त्या त्या गिरणीच्या हजेरीपटात. लोखंडे यांच्या कामगार संघटनेकडे तर सभासदांची यादीही नव्हती, असे १८९२ च्या सरकारी अहवालात नमूद आहे. साहजिकच एका बाजूचे दप्तर भक्कम राहिले आणि दुसऱ्या बाजूचे तयारच झाले नाही.

या उणिवेची किंमत पुढे मोजावी लागली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी अर्ज मागविण्यात आले, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे कामगाराला सिद्ध करावे लागले. ओळखपत्र, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीपटातील नोंद यांपैकी काही ना काही पुरावा आवश्यक ठरला. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, त्या वेळी अर्जदारांची संख्या याच्या कित्येक पटींनी अधिक होती.

मुंबईत अमुक साली किती चात्या फिरत होत्या, हे मालक संघाच्या कोष्टकावरून आजही सांगता येते. त्या चात्यांपाशी कोण उभे होते, याचे उत्तर मात्र गिरण्यांच्या हजेरीपटांत आणि कामगारांच्या घरी ट्रंकेत जपलेल्या कागदांत विखुरलेले आहे. वार्षिक अहवालांइतकीच निगुतीने या कागदांची जपणूक झाली, तरच या शहराच्या औद्योगिक इतिहासाची दुसरी बाजू पुढील पिढ्यांच्या हाती राहील.