आगबोट, कोळशाची मोटार आणि विजेची गाडी

विजेची मोटार ही शहरातल्यांची चैन, देवगडजवळच्या जामसंड्यासारख्या गावात ती चालायची नाही, असं कोकणात सर्रास म्हटलं जातं. यामागे एक समजूत आहे: पेट्रोलची गाडी मुळातच सरस होती, म्हणून ती टिकली. इतिहास मात्र वेगळं सांगतो. ताशी 100 किलोमीटरचा वेग 1899 साली पहिल्यांदा ओलांडला तो कामिय जेनात्सीच्या विजेच्या मोटारीने. 1900 साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक विजेवरच्या होत्या. पुढे त्या मागे पडल्या, कारण खेड्यांत वीज पोचली नव्हती आणि पेट्रोलचा डबा दुकानात मिळत होता. 1912 मध्ये सेल्फ-स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीला हँडल मारण्याची कटकटही संपली. ती संपवली बॅटरीने आणि विजेच्या मोटरनेच, हे सहसा कोणी सांगत नाही. हायब्रिडही कालपरवाची नाही. इंजिनाने वीज करायची आणि तिच्यावर चाकांतल्या मोटरी फिरवायच्या, हा घाट फर्डिनांड पोर्शे यांनी 1900 च्या सुमारास घातला होता.

आणि निर्दोष वाहनाची वाट कोकणाने कधी पाहिली? देवगड-विजयदुर्ग बंदरांना लागणारी मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद असे. तरी चाकरमानी तिनेच आले-गेले, हापूसच्या पेट्याही तिनेच गेल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा देशभर मोटारींना कोळशापासून इंजिनासाठी गॅस करणाऱ्या भट्ट्या जोडल्या गेल्या. गाडी सुटण्याआधी पंख्याचं हँडल फिरवत निखारे फुलवायचे, धूर खायचा आणि चढणीला इंजिनाचा दम सुटतो की काय म्हणून जीव मुठीत धरायचा! पुढे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी एसटीचीच विजेवरची ‘शिवाई’ बस.

आजचे आक्षेप या पार्श्वभूमीवर तपासावेत. चार्जिंग कुठे करायचं? मुंबईच्या सोसायटीत हा प्रश्न बिकट आहे. जामसंड्यात गाडी स्वतःच्या अंगणात उभी राहते आणि 15 अँपिअरच्या प्लगवर 30 युनिटची बॅटरी साधारण रात्रभरात भरते. या बाबतीत तरी गाव शहरापेक्षा सोयीचं आहे. पावसात शॉक बसेल ही भीतीही फारशी टिकत नाही. बॅटरी सीलबंद असते. हायब्रिडला रोज प्लग लावावा लागतो, हाही गैरसमजच: बाजारातल्या बहुतेक हायब्रिड गाड्या ब्रेक लावताना आणि इंजिनावर आपली बॅटरी आपणच भरतात. वीज कोळशाचीच आहे, तर धूर फक्त चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडे हलतो, या म्हणण्यात तथ्य आहे. पण पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते; विजेच्या गाडीत बॅटरीतली पाऊणहून अधिक. शिवाय वीज कशापासून करायची हे बदलता येतं. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. एक आक्षेप मात्र पुरता खरा आहे: वीजच गेली तर? मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली अनेक गावं काही दिवस अंधारात होती, आणि तेव्हा डिझेलच्या गाड्याच कामी आल्या. आंबा घेऊन रातोरात वाशी गाठणाऱ्या ट्रकलाही अजून डिझेलच हवं. पण यातून निघतो तो प्रश्न महावितरणला विचारायचा: एका वाडीत दहा गाड्या संध्याकाळी एकदम चार्जिंगला लागल्या, तर तिथली डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, तो भार पेलेल का?