पिवळा धोतरा की करडई? रस्त्याकडेचं काटेरी पिवळं फूल कसं ओळखायचं?

पेठ नाक्यावरून ईश्वरपूरमार्गे (पूर्वीचं इस्लामपूर) सांगलीला जाताना रस्त्याकडेची उकरलेली माती, मुरमाचे ढीग आणि रिकामे प्लॉट नीट बघा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अशा जागी पिवळ्याधमक फुलांचं एक काटेरी रोप दिसतं. फोटोत ते छानच येतं! हा पिवळा धोतरा. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात आणि हे नाव उगाच पडलेलं नाही.

महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याशी याचं नातं नाही. तो वांगी-टोमॅटोच्या कुळातला, तर हा अफूच्या. मूळचा मेक्सिकोकडचा. याचं बी मातीत पडून राहतं आणि जमीन हलली, मोकळी झाली की उगवतं.

लांबून हे रोप करडईसारखं वाटतं, कारण करडईचीही पानं काटेरी आणि फुलं पिवळी. जवळून मात्र गोंधळ होत नाही. पिवळ्या धोतऱ्याची पानं निळसर हिरवी असून शिरांवर पांढरे पट्टे असतात. फुलाच्या पाकळ्या कागदासारख्या पातळ, बहुधा सहा. करडईचं फूल म्हणजे बारीक तंतूंचा झुबका. तरीही शंका असेल, तर देठ मोडा. पिवळा चीक आला की ओळख पटली. हा चीक डोळ्यात घालायचे सल्ले फिरत असतात, ते अजिबात ऐकू नका.

खरा धोका बियांचा आहे. काटेरी, लांबट बोंडातून निघणारं काळपट बी मोहरीसारखंच दिसतं. त्यात सँग्विनारिन हे विष असतं. १९९८ मध्ये दिल्लीत याची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे ‘ड्रॉप्सी’ची साथ आली आणि ६० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. या आजारात पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर आणि डोळ्यांवर परिणाम होतो. फोडणीत तडतडलं की विष जातं, असं समजू नका.

आपल्याकडे मोहरीचं तेल फारसं वापरत नाहीत, पण मोहरी घरोघरी असते. संशय आला तर दाणा भिंगाखाली बघा. मोहरी गुळगुळीत असते, धोतऱ्याचं बी खरबरीत, जाळीदार. दाबून फोडलं तर मोहरी आतून पिवळी, हे बी पांढरं. लोणच्यासाठी आणलेल्या मोहरीच्या डाळीत मात्र ही तपासणी करता येत नाही. त्यामुळे अख्खी मोहरी आणून, निवडून घरीच भरडलेली बरी.