दंतलेखन : वऱ्हाडातील एका विसरलेल्या क्रियेचा इतिहास

‘कीटण’ हा शब्द मराठीत तव्याच्या बुडाशी साचलेल्या काळ्या थरालाही लावतात आणि दातांवर चढलेल्या कठीण पुटालाही. दंतवैद्य त्याला ‘टार्टर’ किंवा ‘कॅल्क्युलस’ म्हणतो. कॅल्क्युलस हा मूळचा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ लहानसा खडा. सुश्रुताने याच पदार्थाला ‘दंतशर्करा’ म्हटले. शर्करा म्हणजे साखर एवढेच आज आपल्याला ठाऊक असल्यामुळे आमचे विद्यार्थी हा शब्द वाचताच गोड खाण्याशी त्याचा संबंध जोडतात. परंतु शर्करेचा जुना अर्थ वाळू, खडी, कंकर असाच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच वस्तूला एकच नाव द्यावे, याचे कारण ती वस्तूच तशी आहे : दाताच्या मुळाशी चिकटलेली बारीक खडी.

ती काढण्याच्या क्रियेचे नाव आम्हांस याहून अधिक रोचक वाटते. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, त्यांत ‘लेख्य’ हा एक. लिख् या धातूचा पहिला अर्थ खरवडणे. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने कोरणे हे त्याचेच एक रूप आणि पुढे तेवढेच रूप उरले. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त शस्त्रांच्या यादीमध्ये ‘दंतलेखनक’ येते : एक धार असलेले, चौकोनी, दंतशर्करा काढण्यासाठीच घडवलेले. मराठीच्या अध्यापकांनी दातांच्या विषयात शिरण्याचा हा आमचा परवाना समजावा.

या ग्रंथाचा वऱ्हाडशी संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयातला व्याकरणकार बोपदेव वरदेच्या काठचा, म्हणजे आपल्या वर्धा नदीकडचा मानला जातो. त्याचे वडील केशव हे वैद्य. वडिलांच्या ‘सिद्धमंत्र’ या वैद्यकग्रंथावर मुलाने टीका लिहिली. ‘मुग्धबोध’ लिहिणाऱ्या माणसाच्या घरी औषधींची चर्चा होत होती, ही गोष्ट आपले वाङ्मयेतिहास एका वाक्यात उरकतात. असो.

सुश्रुताची सूचना मात्र नीट वाचण्यासारखी आहे. दंतशर्करा उपटून काढावी, पण दातांच्या मुळांना इजा होऊ देऊ नये; नंतर लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे. सूचनेचा सगळा भार मुळांना इजा न करण्यावर आहे. आधुनिक दंतवैद्यकाला या अटीपर्यंत परत यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली, ते पुढे पाहू.

आधी हे कीटण मुळात होते कसे, ते पाहू. स्वच्छ घासलेल्या दातावर काही तासांतच जंतूंचा मऊ, चिकट थर बसू लागतो. तो निघाला नाही, तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साचून तो दगडासारखा घट्ट होतो. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात, लोक दातांवरच्या कीटणाचा दोष विहिरीच्या पाण्याला देतात. खाऱ्या पाण्याने त्या भागाचे पुष्कळ वाटोळे केले आहे, पण कीटणाचे खनिज प्रामुख्याने ज्याच्या त्याच्या लाळेतून येते. ते हिरडीच्या खाली उतरले की दात आणि हिरडी यांच्यामध्ये खळगा पडतो. तो एक ते तीन मिलिमीटर असेल तर चिंता नसते. चार किंवा अधिक झाला आणि बोथट मोजपट्टी आत घालताच रक्त येऊ लागले, की दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागल्याची शंका घ्यावी. तिथे ब्रश पोचत नाही, निंबाची काडीही पोचत नाही. सुश्रुताने बारा अंगुळे लांबीचे दंतकाष्ठ सांगितले, त्यासाठी निंब, करंज, खैर ही झाडे सुचवली, आणि तरीही दंतशर्करेसाठी शस्त्राची गरज मान्य केली. काडी आणि शस्त्र यांची क्षेत्रे वेगळी आहेत, हे त्याला कळले होते.

आपल्याकडे पुढे काडी राहिली, शस्त्र गेले. शस्त्रकर्म वैद्यांच्या हातून सुटले, ग्रंथ मात्र पाठ होत राहिले. घरात उरले ते चिमट्यासह एका कडीत ओवलेले कानकोरणे-दातकोरणे, चुलीची राखुंडी आणि सुवासिनींचे काळे दातवण. दात काळे असणे हे एके काळी अलंकरण होते, हे आज सांगूनही पटत नाही. मागाहून पुड्या आणि डब्या आल्या : माकड छाप काळी पावडर, नाशिकचे बिटको, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या विको कंपनीची वज्रदंती. विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढारकर मुंबईला जाण्यापूर्वी नागपुरात किराणा दुकान चालवत, हे विदर्भीयांनी अभिमानाने सांगावे. मात्र यांपैकी कोणतीही पावडर हिरडीखालच्या खड्याला हात लावू शकत नाही.

शस्त्र दुसरीकडे जिवंत राहिले. कॉर्डोव्हाच्या अल्-झहरावी याने दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधीवर आपल्या ग्रंथात दात खरवडण्याची चौदा हत्यारे चित्रांसह दिली आणि एका बैठकीत काम न संपल्यास पुन्हा बसावे, असेही सांगितले. १६८३ साली लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. तरी मळ आणि रोग यांची सांगड घालून त्यावर पद्धतशीर उपचार उभा केला तो अमेरिकेतील हार्टफर्डच्या जॉन रिग्ज याने. दात सैल होण्याचे मूळ रक्तदोषात नसून दाताच्या मुळावर साचलेल्या घाणीत आहे. ती काढली, मूळ गुळगुळीत केले, की हिरडी सुधारते, असे त्याचे म्हणणे. त्याचा निबंध १८७६ साली छापला गेला आणि बराच काळ या रोगाला ‘रिग्जचा रोग’ म्हणत. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले, ज्यांना आपण गाडगेबाबा म्हणतो. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध काहीच नाही. पण रोगाचे मूळ दैवात न शोधता घाणीत शोधणे आणि ती हाताने खरवडून काढणे हा स्वभाव दोन्हीकडे एकच आहे, एवढे नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे अमरावतीला डफरीन आणि इर्विन, अकोल्याला लेडी हार्डिंग अशी व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नींची नावे मिरवणारी रुग्णालये उभी राहिली. नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. पण दातासाठी सामान्य माणूस दवाखान्यात जाई तो दात उपटून घेण्यासाठीच. दात वाचवण्यासाठीही उपचार असतात, ही कल्पना पोचायला शिकलेला दंतवैद्य लागतो, आणि तो तयार होण्याची सोय दूर होती : कलकत्त्याला रफिउद्दीन अहमदांचे महाविद्यालय १९२० सालचे, मुंबईचे नायर १९३३ सालचे. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे. अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय त्यानंतर बऱ्याच काळाने आले. १९४८ च्या कायद्याने ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा दात स्वच्छ करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्गही मान्य केला होता. अमेरिकेत अल्फ्रेड फोन्सने १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले आणि १९१३ मध्ये त्याची शाळा काढली, त्या धर्तीवर. आपल्याकडे हा वर्ग कागदावरच अधिक राहिला, आणि हा तोटा लहान नव्हे असे आमचे मत आहे.

आता त्या अटीकडे वळू. मिशिगनच्या क्लेटन ग्रेसी यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या वळणाची क्युरेट घडवली. एकाच धारेची ही हत्यारे पाहिली की वाग्भटाचे दंतलेखनक आठवल्यावाचून राहत नाही. हिरडी बधिर करून ही क्युरेट खळग्याच्या तळाशी न्यायची आणि मुळावरचा खडा वर ओढत काढायचा. पुढे असे समजले गेले की जंतूंचे विष मुळाच्या वरच्या थरात खोल मुरते, म्हणून तो थरही खरवडून मूळ काचेसारखे गुळगुळीत केले पाहिजे. ‘रूट प्लेनिंग’ या नावातच सुताराचा रंधा आहे, आणि काही दशके दंतवैद्यांनी तो खरोखर रंध्यासारखा चालवला. १९८० च्या दशकात न्यूमन आणि त्यांच्या स्कँडिनेव्हियन सहकाऱ्यांनी दाखवले की मुळाचा थर न तासता केवळ वरचा थर पुसून काढला तरी हिरडी तेवढीच बरी होते. विष वरवरच असते. मुळांना इजा न करता शर्करा काढावी, ही अट प्रयोगाने सिद्ध झाली. सुश्रुताला जंतू ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही. तसा दावा करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हाताखालच्या अनुभवाने त्याने तारतम्य राखले, एवढे पुरेसे आहे.

यंत्राची कथा वेगळी. ध्वनितरंगांवर चालणारे उपकरण आले ते किडलेला दात कोरण्यासाठी. त्या कामी ते संथ ठरले आणि वेगवान टर्बाइनने त्याला मागे टाकले. १९५५ च्या सुमारास ते कीटण काढण्यासाठी वापरून पाहिले गेले आणि तिथेच रुजले. त्याचे टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक वेळा कंप पावते आणि सोबत पाण्याचा फवारा चालतो. या यंत्रामुळेच वऱ्हाडात तो प्रसिद्ध आक्षेप रूढ झाला : ‘मशीन लावली का दात हालते.’ गावोगावी शहाणीसुरती माणसे हे सांगतात. त्यात निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खोटा. हाड झिजलेल्या दातांना कीटणाचा दगडच एकमेकांत सांधून ठेवतो. तो काढल्यावर आधीपासूनचा सैलपणा जाणवतो, सुजलेली हिरडी आकसते, फटी दिसतात, थंड पाणी झोंबते. पडक्या भिंतीवरचे पोपडे काढणाऱ्याला भिंत पाडल्याचा आळ यावा, तसे हे आहे.

हा आक्षेप महागात पडतो. हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांतले ४८० मजूर पंधरा वर्षे पाहिले आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. या लोकांना दातांचा कसलाही उपचार मिळत नव्हता, कीटण सर्वांच्याच दातांवर होते. त्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा पुढे सरकलाच नाही. ‘आमच्या आजोबांनी कधी दात साफ केले नाहीत, नव्वदीपर्यंत ऊस खाल्ला’ असे सांगणारा प्रत्येक जण या शेवटच्या अकरांतला आजोबा घेऊन येतो. त्यातच आपल्याकडे खर्रा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू घोटून देणारी टपरी अमरावती-अकोल्याला दिसत नाही असे म्हणणे धाडसाचे. तो जिथे दाबून धरतात तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. आणि मधुमेह. हिरडीचा रोग आणि रक्तातली साखर परस्परांना बिघडवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो. शर्करा या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे असे एकत्र आलेले आम्ही अन्यत्र पाहिले नाहीत.

खोल सफाई बहुधा एका बैठकीत होत नाही. जबड्याचा एकेक भाग बधिर करून दोन ते चार वेळा बसावे लागते, आणि साधारण महिना-दीड महिन्याने खळगे पुन्हा मोजावे लागतात. आमच्या ओळखीतले पुष्कळ जण पहिल्या बैठकीला जातात. रक्त थांबते, तोंडाचा वास जातो, तेवढ्यात कापसाची वेचणी येते, आणि उरलेला अर्धा जबडा पुढच्या उन्हाळ्यावर जातो.