चिमूर प्रकरण व लोकनायक अणे यांच्या अधिकाराची मर्यादा

नागभीडच्या पश्चिमेस असलेल्या चिमुरांत १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, जो दंगा झाला त्याची हकीकत या प्रांतीं सर्वश्रुत आहे. जमावाच्या हातून कांहीं सरकारी अधिकारी मारले गेले. मागाहून गोरी पलटण व पोलीस गांवांत शिरले. पुढें लुटीच्या व स्त्रियांवरील अत्याचारांच्या तक्रारी झाल्या. डॉ. मुंजे स्वतः चिमुरास जाऊन आले. तक्रारी खऱ्या कीं खोट्या हें त्रयस्थ चौकशीवांचून ठरणें शक्य नव्हतें. ती करवावी कोणीं, हाच काय तो वाद.

मध्यप्रांताचें मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्यें पायउतार झालें होतें. कलम ९३ अन्वयें सर्व सत्ता गव्हर्नर ट्वायनम यांचे हातीं होती. त्यांना जाब विचारील अशी विधिसभा उरली नव्हती. राहतां राहिले लोकनायक अणे. वणीचे, म्हणजे वर्धा नदीपलीकडचे हे गृहस्थ १९४१ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत होते. म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी १ नोव्हेंबर १९४२ रोजीं दिल्लीस त्यांच्याच दारीं उपोषणास बसले. परंतु अणे यांचें खातें परदेशस्थ हिंदी लोकांचें, गृहखातें मॅक्सवेलसाहेबांकडे, आणि पोलीस हा तर प्रांताचा विषय. लष्कराविषयीं म्हणावें, तर दंग्याच्या आदल्याच दिवशीं निघालेल्या वटहुकुमानें त्याखालीं काम करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांवर मध्यवर्ती सरकारच्या मंजुरीवांचून खटला भरण्यास मनाई केली होती. खुर्चीला मान मोठा. पण चिमूरच्या एका शिपायास जाब विचारण्याची सत्ता तिच्यांत नव्हती. अणे यांस भ्याड म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेतलेलें दिसत नाहीं.

भन्साळींस दिल्लीहून परत पाठविण्यांत आलें. ११ नोव्हेंबरपासून त्यांनीं पुन्हां आरंभिलेलें उपोषण ६३ दिवस चाललें. त्याची बातमी छापण्यास बंदी झाली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रें बंद राहिलीं. १२ जानेवारीस, डॉ. खरे यांच्या मध्यस्थीनें, उपोषण सुटलें. बातम्यांवरील बंदी उठली. त्रयस्थ चौकशी मात्र झाली नाहीं. अणे यांनीं फेब्रुवारींत राजीनामा दिला, तो गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर.

चिमूरच्या आरोपींवर खटले चालले, कित्येकांस फांशीची शिक्षा होऊन ती पुढें जन्मठेपेवर आली; त्याचे कागद सरकारी दप्तरांतले. स्त्रियांच्या तक्रारींना न्यायालयाचें असें दप्तरच नाहीं. त्या आठवड्यांच्या वृत्तपत्रांच्या फायली या बाबतींत बहुतेक मुक्या आहेत. तेव्हां नागभीड, ब्रह्मपुरी, वरोरा या बाजूस घरोघरीं रोजनिशा, चोरून वांटलेलीं पत्रकें किंवा खासगी पत्रें सांपडल्यास संग्राहकांनीं तीं क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. पाकिटावरील टपालाचा शिक्कादेखील जपून ठेवावा.